उबेचा इतिहास: मराठी घरातला हिवाळा

१/
मराठी मुलखातली थंडी हा सहसा इतिहासाचा विषय मानला जात नाही. दुष्काळ, पूर, स्वाऱ्या यांच्या नोंदी बखरींत आणि सरकारी दप्तरांत सापडतात. थंडी मात्र अंगावर काढायची आणि फाल्गुन लागला की विसरायची. तरीही १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, आणि २२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईकरांनीही ७.४ अंशांची पहाट अनुभवली होती.

२/
आपली थंडी बर्फाची नाही. दोन-अडीच महिने राहणारी, रात्री येणारी आणि उन्हे वर आली की ओसरणारी. त्यामुळे तिच्यासाठी म्हणून आपण घरे बांधली नाहीत. काश्मिरी माणूस फिरनच्या आत कांगडी घेऊन वावरतो. दख्खनच्या घरात तसले कोणतेही खास साधन नव्हते. वाडा असो की खोपट, बांधणी ऊन आणि पाऊस पाहून केलेली. ऊब रोज पहाटे नव्याने करावी लागे. हिवाळ्याची जी सुखे आपण कौतुकाने आठवतो, त्यांच्यामागे कोणीतरी सर्वांआधी उठून विस्तव पेटवलेला असे. या धाग्यात त्या विस्तवाचा माग काढायचा आहे.

३/
सुरुवात फार मागे जाऊन करू. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधराएक वर्षे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. तेथे सापडलेले गाव साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे. घरांत चुली, अंगणांत विस्तवाचे खळगे. धान्यात जव महत्त्वाचा, सोबत मसूर. म्हणजे हिवाळी पिके. बोरांच्या बियाही मिळाल्या. संक्रांतीच्या सुगडात आपण आजही बोरे घालतो. त्या बोरांचा आणि या बोरांचा थेट वारसा सांगण्याचा मोह मी आवरतो, पण हिवाळ्यात बोरे वेचणारी पोरे या मातीत तेव्हाही असणार, एवढे म्हणायला हरकत नाही.

४/
लिखित पुरावा मिळतो तो सातवाहनकाळाशी जोडल्या गेलेल्या ‘गाथासप्तशती’त. महाराष्ट्री प्राकृतातला हा संग्रह हाल राजाच्या नावावर आहे. त्यात माघातल्या थंडीची एक गाथा येते. एक खेडूत ऐन माघ महिन्यात आपले पांघरूण देऊन टाकतो आणि बदल्यात बैल घेतो. कारण काय, तर घरी पत्नीच्या मिठीत त्याला भुश्शाच्या बिनधुराच्या निखाऱ्यासारखी ऊब मिळणार आहे!

५/
रसिकांनी या गाथेत शृंगार पाहिला, तो आहेच. मला मात्र त्यातला हिशेब अधिक बोलका वाटतो. पांघरूण ही बैलाच्या मोलाची वस्तू मानता येत होती, आणि दोहोंतले एकच ठेवणे त्या घराला परवडत होते. शेतकऱ्याने बैल निवडला. भुश्शाचा विस्तवही पाहा: लाकूड नाही, कोळसा नाही, खळ्यावर उरलेला भुसा. त्या पांघरुणाखाली तीही झोपत असणार. ते विकताना तिला कोणी विचारले का, हे मात्र गाथा सांगत नाही.

६/
पांघरुणे म्हणजे मुख्यतः दोन, घोंगडी आणि गोधडी. घोंगडीची लोकर धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची: राठ, काळी-करडी. सनगर समाजाचे विणकर ती मागावर विणत आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ करत. अशी घोंगडी पावसात खोळ होई, खळ्यावर धान्याखाली पसरली जाई, पाहुण्याला बसायला आणि पंचांना न्यायनिवाड्याला उपयोगी पडे. नवी घोंगडी अंगाला टोचते. वापराने ती मऊ होत जाते, म्हणून जुनी घोंगडी घरातल्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला येई. टोचण्याचा मान तरुणांचा.

७/
गोधडी किंवा वाकळ ही मात्र पूर्णपणे घरातल्या बायकांची निर्मिती. विटलेली लुगडी, धोतरे, बाळंतपणातली दुपटी यांचे थर एकावर एक रचून धावदोऱ्याने शिवलेले. कुटुंबाचे जुने कपडे ओळखीच्या तुकड्यांनी त्यात राहत, आणि मुले पांघरुणात शिरून ‘हे आजीचे, हे आत्याचे’ असा खेळ खेळत. छंद आणि काम यांची फारकत न झालेल्या काळातला हा छंद. आज संग्रहालयांतून अशा गोधड्या टांगलेल्या दिसतात. शिवणारीचे नाव बहुधा नसते.

८/
आता धुंधुरमास. सूर्य धनु राशीत असतो तो धनुर्मास, साधारण १६ डिसेंबर ते मकरसंक्रांत. त्याचाच बोलीतला अवतार धुंधुरमास किंवा झुंझुरमास. या महिन्यात निदान एक दिवस तरी सूर्योदयाच्या वेळी जेवायचे, अशी अनेक मराठी घरांची रीत. पानात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी, वांग्याचे भरीत, गूळ. देवाला नैवेद्य दाखवायचा आणि गारठलेल्या बोटांनी गरम भाकरी मोडायची. ज्यांनी हे अनुभवले आहे, त्यांना मी वर्णन करून सांगायची गरज नाही.

९/
या रीतीचे समर्थन आयुर्वेदाच्या आधाराने केले जाते, आणि तसा आधार आहेही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो आणि त्याला पुरेसे, स्निग्ध अन्न न मिळाल्यास तो शरीरालाच जाळू लागतो, असा विचार मांडलेला आहे. पण मला वाटते, खरे उत्तर कोठीच्या खोलीत आहे. खरिपाची बाजरी नुकतीच घरात आलेली, तीळ आणि शेंगा झोडून झालेल्या, गुऱ्हाळे सुरू झाल्याने नवा गूळ हाताशी, जनावरांना चारा मुबलक म्हणून दूधदुभते बरे. शेतकऱ्याच्या वर्षातला हा सर्वांत भरलेला महिना. वैशाखात असा थाट करणार कशाच्या जोरावर?

१०/
आणि हा थाट उभा कसा राही? जानेवारीच्या मध्यावर पुण्याकडे सूर्य उगवतो तो सात वाजून गेल्यावर. तेव्हा पान वाढायचे, तर स्वयंपाकाला पाचच्या आत लागायला हवे. त्याआधी दळण. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो. धान्य दळले की ते तेल उघडे पडते आणि काही दिवसांत पीठ कडवट होते. म्हणून बाजरी साठवून दळता येत नाही, थोडी थोडी आणि ताजीच दळावी लागते. म्हणजे चूल पेटण्याआधी, काळोखात, थंडगार जात्यावर दोघी समोरासमोर बसलेल्या.

११/
त्या अंधारात त्या गात होत्या, म्हणून हे सारे थोडेतरी आपल्यापर्यंत पोहोचले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, सासर आहे. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत जी पहाट सापडत नाही, ती या ओव्यांत आहे. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि मनगटांची सुटका झाली. ओव्या थांबल्याची हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी एकदा पायलीभर बाजरी हाताने दळून पाहावी.

१२/
हेही लक्षात ठेवायला हवे की, सूर्योदयाचे जेवण हा सोहळा ठरण्यासाठी एरवी उशिरा जेवण्याची ऐपत लागते. शेतमजुराच्या घरी कामावर निघण्याआधी भाकरतुकडा खाणे हा बारमाही नेम होता. त्याला कोणी धुंधुरमास म्हटले नाही. लोणी तर दूरच.

१३/
आंघोळीचे पाणी हा हिवाळ्यातला दुसरा मोठा प्रश्न. पूर्वी परसातल्या चुलवणावर हंडे चढत. पुढे शहरी मध्यमवर्गाने त्यासाठी तांब्याचा बंब घेतला: मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी, बाजूला तोटी. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी अशा कामासाठी प्रसिद्ध. पेशवाईत तेथे वसलेले तांबट भांडी घडवत, आणि त्यांच्या ठोक्यांचा नाद हाच त्या आळीचा पत्ता होता. बंबात गोवऱ्या, लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या शेंड्या, जुनी वर्तमानपत्रे, काहीही चाले. थंडीच्या दिवसांत बंबाशेजारची जागा मुलांनी भांडून मिळवायची, अभ्यासाचे पुस्तक हातात धरायचे आणि डुलक्या काढायच्या. विजेचा हीटर आला आणि ही जागाच घरातून गेली.

१४/
धनुर्मासाचा शेवटचा दिवस भोगी. त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीला लेकुरवाळी भाजी म्हणतात. ही भाजी म्हणजे जगाच्या व्यापाराचा लहानसा नकाशाच आहे. तीळ आणि वांगी इथली, भारतीय उपखंडातली. सोबतची बाजरीची भाकरी मूळची आफ्रिकेची, पण सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच येथे रुळलेली. भाजीतले शेंगदाणे आणि मिरची दक्षिण व मध्य अमेरिकेकडून, पोर्तुगीज दर्यावर्दी आल्यानंतरचे. म्हणजे आज आपण ज्याला ‘परंपरागत’ म्हणतो ते भोगीचे पान सोळाव्या शतकाआधी तसेच्या तसे असणे शक्य नाही. ज्ञानदेवांच्या काळातल्या भोगीच्या भाजीचे तिखट मिऱ्याचेच असणार.

१५/
जाता जाता संक्रांतीच्या तारखेविषयी. पृथ्वीच्या आसाच्या संथ भोवऱ्यामुळे आपली निरयन संक्रांत इंग्रजी तारखांत सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. म्हणजे पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस लोटले होते. ‘ऐन संक्रांतीला पानिपत’ हे वाक्य आपण आजच्या तारखेवरून बोलतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रांत आणि वर्षातली सर्वांत मोठी रात्र एकाच सुमारास येत.

१६/
तिळगूळ घरोघरी होई. काटेरी हलवा मात्र कौशल्याचा. परातीत खसखस किंवा तीळ, खाली मंद निखारे, आणि साखरेचा पाक थेंबाथेंबाने टाकत बोटांनी सतत हलवत राहायचे. हवा कोरडी आणि थंड असेल तरच काटा फुटतो. ढगाळ दिवशी सगळी मेहनत फुकट जाते. काम दिवसचे दिवस चाले आणि बोटांची टोके भाजून निघत. पांढरी साखर महाग होती तोवर हा हलवा मोजक्या घरांतच होई. साखर कारखान्यांच्या काळात ती सर्वांच्या आवाक्यात आली आणि नव्या सुनेसाठी, तान्ह्या बाळासाठी हलव्याचे दागिने करणे हा मध्यमवर्गीय बायकांचा हिवाळी छंद बनला. काळ्या चंद्रकळेवर पांढरा शुभ्र हलवा! कलेचा दर्जा द्यावा असे हे काम, पण ते रथसप्तमीपर्यंत खाऊन संपायचे.

१७/
संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस. घराबाहेर पडण्याची, मैत्रिणींना भेटण्याची ही बायकांची हक्काची संधी होती. मात्र तिला दोन कुंपणे होती. निमंत्रण सवाष्णींनाच, आणि बहुधा आपापल्या जातीतच. ज्या घरात सर्वांसाठी वाण भरले जात असे, तेथे माजघराच्या आत एखादी विधवा आत्या किंवा जाऊ तीळ भाजत बसलेली असे. तिच्या हातचा लाडू सर्वांना चाले. तिला मात्र ओटी वर्ज्य.

१८/
यांतले एक कुंपण १८५२ च्या जानेवारीत पुण्यात जाहीरपणे ओलांडले गेले. सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाने तिळगुळाचा समारंभ योजला. अध्यक्षपदी पुण्याच्या कलेक्टरांच्या पत्नी मिसेस जोन्स. निमंत्रणातच स्पष्ट केले होते की, कोणत्याही जातीच्या स्त्रिया आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसवले जाईल, आणि हळदीकुंकू व तिळगूळ भेदाभेद न करता दिला जाईल. सावित्रीबाईंच्या शाळांविषयी आपण पुष्कळ वाचतो. या जाजमाविषयी त्या मानाने कमी बोलले जाते. घरगुती सणाचे बळ ओळखून त्याचाच उपयोग करणे ही त्यांची दृष्टी मला फार मोठी वाटते.

१९/
मुंबईच्या चाळींत हिवाळा वेगळा. १९३१ च्या जनगणनेनुसार शहरातली जवळपास तीन-चतुर्थांश वस्ती एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार गाळ्यात दाटीने झोपत, आणि एरवी असह्य होणारी ती दाटी पौषात तेवढी उपकारक ठरे. गावाहून आलेल्या माणसाबरोबर तिळाचे लाडू येत, ते गाळ्यात वाटले जात. ऊब होती, घर गावाकडे होते.

२०/
वाचनाचे आणि गाण्याचे सुख थोडक्यात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी हिवाळ्याला वाचनाचा ऋतू बहाल केला. तेव्हा देशात शंभरातल्या सहा जणांनाही लिहितावाचता येत नव्हते, म्हणून एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी पांघरुणातून ऐकायचे, हे ओघाने आलेच. पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. शाली, मफलर, थर्मास आणि पेंगणारी मुले घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे डिसेंबरच्या रात्री जागवत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्रभराची मैफल इतिहासजमा झाली.

२१/
आणि हुरडा. त्याच्यावाचून हा धागा पुरा होणार नाही. रब्बीची ज्वारी पावसाळा संपता संपता काळ्या रानात पेरली जाते. पुढे ती वाढते ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर. पौष-माघात कणसातला दाणा दुधाळ अवस्थेतून पिठूळ अवस्थेकडे जाताना जे आठ-दहा दिवस मिळतात, तेच हुरड्याचे. गुळभेंडी, सुरती, कुचकुची या त्यासाठी नावाजलेल्या जाती. जमिनीत खळगा करून गोवऱ्या पेटवायच्या, ती आगटी. कणीस निखाऱ्यात फिरवायचे, हातावर चोळायचे, फुंकर मारून फोलकट उडवायचे आणि हिरवा गरम दाणा समोरच्याच्या तळहातावर ओतायचा. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. भाजणारा शेवटपर्यंत उपाशी, हा आगटीचा अलिखित नियम.

२२/
हुरड्याला बोलावणे असे, भाव नसे. पाहुणे, सोयरे, शिक्षक, तालुक्याचे कारकून, वाटेने जाणारा परिचित, सर्वांना हाक. कच्ची कणसे मोडणे म्हणजे पुढच्या धान्यातून आत्ताच खाणे; तो शेतकऱ्याचा जाणूनबुजून केलेला खर्च होता. ज्याने रात्री माळ्यावर बसून रानडुकरे हाकलली आणि दिवसभर गोफणीने पाखरे उडवली, त्या राखणदारालाही त्याच आगटीशी जागा मिळे. शेजारी, की थोडी पलीकडे, हे गावागावावर अवलंबून.

२३/
१९७२ साली पाऊस फिरकलाच नाही. त्या हिवाळ्यात सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबादकडच्या रानांत आगट्या पेटण्यासारखे काही उगवलेच नव्हते. जे हात एरवी कणसे चोळायचे, ते दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ‘मिलो’ मिळे, पोरांना सुकडी. त्या पिढीतली माणसे आजही थंडीच्या आठवणी सांगताना मध्येच थांबतात आणि त्या एका वर्षाला वळसा घालून पुढे जातात.

२४/
नंतर पाणी आले तेथे ऊस आला, सोयाबीन आले, आणि राज्यातले ज्वारीचे क्षेत्र एकदोन पिढ्यांत निम्म्याहून खाली घसरले. हुरडा टिकला, पण आता बऱ्याच ठिकाणी तो माणशी दराने मिळतो: बैलगाडीची फेरी, दुपारचे जेवण, जाताना काकवीची बाटली. यावर नाक मुरडणे सोपे आहे. माझे मत निराळे आहे. ज्याच्या आतिथ्यावर शहराने पिढ्यान्‌पिढ्या ताव मारला, त्याने आता त्याचे पैसे घेतले तर बिघडले कुठे? आगटीशी बसून भाजणाऱ्या बाईला त्यातले किती मिळतात, एवढे मात्र विचारून पाहावे.

२५/
रथसप्तमीच्या आसपास दाणा टणक होतो आणि चोळून निघेनासा होतो. आगटीची राख रानातच पसरली जाते. मग ज्वारी उपटायला सुरुवात होते. भेगाळल्या रानातून मुळासकट ताट ओढायचे, पेंढ्या बांधायच्या, आणि बायकांनी ओळीने बसून कणसे खुडायची. थंडी अजून पहाटेची असतेच, आणि हे काम ऊन चढायच्या आत उरकायचे असते.